अक्काचे रविवार

खोली दाखवण्याआधी अक्कानं माझे पाय पाहिले. मी दारात उभी, हातात बॅग, रात्रभराच्या एस.टी. प्रवासानं अंग आंबलेलं, आणि समोरची उंच, काटक बाई मला सांगत होती, "चप्पल काढा, तळवा दाखवा." मला वाटलं, पाय धुऊन आत जायची इथली रीत असेल. मी पाय पुढं केला. ती उंबऱ्यावर बसली, माझा घोटा धरून टाच दाबून पाहिली, बोटं मागं वाकवून पाहिली, आणि म्हणाली, "सपाट नाहीत. चालेल." मग खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी मूळची सांगलीकडची. जामनेर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात रक्त तपासण्याच्या कामावर माझी पहिली नेमणूक झाली होती. पहूर आणि जामनेरच्या मधलं ते गाव. तिथं राहायला जागा शोधताना ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांनी एकच घर दाखवलं. अक्का म्हणजे तिथली निवृत्त नर्स. धुळ्याकडची, पंचविशीच्या आतच नेमणुकीवर इथं आली आणि इथलीच झाली. लग्न केलं नाही. एकटं घर, पुढं तीन खोल्या, मागं पेरूचं झाड. भाषा मात्र तिनं बदलली नव्हती. आमच्याशी साधं पुस्तकी मराठी बोलायची, पण राग आला किंवा फार आनंद झाला की थेट अहिराणीत शिरायची. तिला मी अहो-जाहो करायचे, ते तिनं दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावलं. "इतक्या बाळंतिणींच्या ओरडण्यात मला एकदाही कुणी अहो म्हटलं नाही," ती म्हणाली.

किल्ली देताना तिनं एक अट घातली होती. महिन्यातले दोन रविवार तिचे. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, घरकामाला मदत हवी असेल, म्हातारी एकटी आहे. मी हो म्हणाले.

पहिल्या रविवारी पहाटे सहाला तिनं काठीनं माझं दार ठोकलं. खांद्याला कापडी पिशवी, तीत भाकरी, ठेचा, चार कांदे, पाण्याची बाटली. पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. "चल," म्हणाली. कुठं, असं विचारलं तर म्हणाली, "पाहायला."

त्या दिवशी आम्ही दीड तास चालत एका बारवेला गेलो. शेताच्या मधोमध दगडी पायऱ्यांची जुनी विहीर, आत पिंपळाची रोपं उगवलेली, कोनाड्यांत पारवे. मी खिशातून मोबाईल काढला तसा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. आधी पायरीवर बसायचं, गप्प बसायचं, डोळ्यांना पुरेसं झालं की मग फोटो. मी दहा मिनिटं बसले आणि उठायला लागले, तर तिनं मला ओढणी धरून खाली बसवलं. अर्ध्या तासानं तिनं विचारलं, काय दिसलं. मी सांगितलं, विहीर. पायऱ्या. पारवे. ती भाकरी सोडताना म्हणाली, "तिसऱ्या पायरीवर छिन्नीनं कुणीतरी सोंगट्यांचा पट कोरलाय. तू त्याच्यावरच बसलीस."

ही तिची तऱ्हा. तिच्याकडं लसीकरणाचं एक जुनं रजिस्टर होतं. पुढच्या पानांवर केव्हाच्या बाळांची नावं, मागच्या कोऱ्या पानांवर तिची ठिकाणांची यादी. गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल असं सगळं त्यात होतं. बारव. वीज पडून दुभंगलेली आणि तरीही दोन्हीकडून पालवणारी चिंच. केळी धुऊन खोक्यांत भरतात ती शेड. पाचोऱ्याहून जामनेरला येणारी छोटी गाडी बंद झाल्यावर ओस पडलेलं एक स्टेशन, जिथं फलाटावर आता कुणीतरी मका वाळत घालतं. एका पीराचा दर्गा, जिथं दिवाबत्ती करणाऱ्या म्हाताऱ्या खादिमचाचांना अक्का दर खेपेला रक्तदाबाच्या गोळ्या घेतात का म्हणून दरडावायची. आणि प्रत्येक ठिकाणापुढं तीन रकाने: पहिला डोस, दुसरा डोस, बूस्टर. एकदा पाहून कुठलीही जागा अंगी लागत नाही असं तिचं ठाम मत. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा. तिन्ही रकाने भरले की माणसाला ती जागा पूर्ण झाली. माझ्या नावाचं तिनं वेगळं पान केलं होतं.

जिथं जाऊ तिथं शेजारी जो कुणी राहत असेल त्याचं नाव विचारायचं, हा आणखी एक नियम. नाव विचारायची गरज बहुधा पडायचीच नाही. वस्तीवरची बाई लांबूनच हाक मारायची, चहा टाकायची, अंगणातल्या एखाद्या मिशीवाल्या बाप्याला पुढं ढकलून म्हणायची, हा अक्काच्या हातचा. अक्का त्या बाप्याचा कान धरून विचारायची, आईला नीट पाहतोस ना. तो हो म्हणायचा. ती त्याच्या आईकडं पाहायची. आई गप्प राहिली तर त्याचं काही खरं नसे.

दवाखान्यात माझे सहकारी मला हसायचे. त्यांच्या सहली महाबळेश्वरला, गोव्याला जायच्या आणि मी सोमवारी येऊन सांगायचे की काल चिंच पाहिली. एकदा हे मी अक्काला बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "लांबचं पाहायला पैसा लागतो. जवळचं पाहायला ताठा सोडावा लागतो. पैसा कुणीही जमवतं."

एका रविवारी पुण्याची एक गाडी आमच्या फाट्यावर थांबली. पुढं नवरा, मागं बायको आणि सासूबाई. नवऱ्यानं काच खाली करून अजिंठ्याच्या लेण्यांचा रस्ता विचारला. अक्का म्हणाली, दाखवते, आणि दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला सासूबाईंच्या शेजारी बसवलं. तिनं त्यांना वळवून वळवून त्या बारवेवर नेलं. लेणी कुठायत, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "लेणी दोन हजार वर्षं थांबलीत, अर्धा तास आणखी थांबतील. हे आधी पाहा." तो चिडला. आवाज चढवला. पण तोवर सासूबाई चपला काढून पायऱ्या उतरायला लागल्या होत्या. खाली पाण्याजवळ जाऊन बसल्या त्या उठेचनात. त्यांच्या माहेरी अशीच विहीर होती म्हणे, ती पंधरा वर्षांपूर्वी बुजवली. तासाभरानं सून आणि मुलगाही त्यांच्या बाजूला बसले होते आणि कुणीच कुणाला चला म्हणत नव्हतं.

परत फाट्यावर आल्यावर त्यांनी अक्काला आग्रह केला, आमच्याबरोबर लेण्यांवरही चला, तुम्हीच दाखवा. अक्का गाडीतून उतरली आणि एक पाऊल मागं सरकली. "नाही. मला काम आहे," म्हणाली.

रविवार होता. तिला काहीएक काम नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या त्या रजिस्टरात पडकी स्टेशनं होती, दर्गे होते, केळीच्या शेडी होत्या, पण ज्यासाठी जगभरातून माणसं आमच्या गावावरून जात, त्या लेण्यांचं नाव कुठंही नव्हतं.

पुढच्या थंडीत माझा भाऊ आणि वहिनी आले. लेणी पाहायची होतीच. मी अक्काला चल म्हटलं. ती आली, पण जिथं गाड्या थांबतात आणि वर जायची बस मिळते तिथपर्यंतच. तिथं रस्त्याकडेला सीताफळं विकणाऱ्या बायका बसतात. त्यांतल्या एकीच्या टोपलीशेजारी अक्का फतकल मारून बसली आणि आम्हाला म्हणाली, या जाऊन. ती बाई म्हणजे जनाबाई. आमच्याच गल्लीतली, अक्काहून चार-पाच वर्षांनी लहान, जाड भिंगाचा चष्मा, गुडघ्यांनी बेजार. हंगामात रोज टोपल्या घेऊन टेम्पोनं इथं यायची. तीन तासांनी आम्ही खाली आलो तेव्हाही त्या दोघी तशाच शेजारी बसलेल्या. अक्का फळं निवडून देत होती, जनाबाई रचत होती. माझ्या वहिनीनं मोठ्या हौसेनं वर काय काय पाहिलं ते सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या कुठल्याही जागेबद्दल अक्कानं खोदून खोदून विचारलं असतं. इथं ती उठली, लुगडं झटकलं आणि परत जायची गाडी बघायला गेली.

उलगडा झाला तो पुढच्या वर्षी, तोही जनाबाईकडून. तिला साखरेचा आजार होता, मी तिच्या घरीच जाऊन रक्त घ्यायचे. गुडघे पार गेल्यानं तिचं विकणं त्या वर्षी बंद झालं होतं. मी सहज म्हणाले, इतकी वर्षं तिथं बसलात, आतली चित्रं तर पाठच झाली असतील. ती म्हणाली, ती कधी वर गेलीच नाही. पस्तीस वर्षं पायथ्याशी बसली, लाखो माणसं तिच्या डोळ्यांदेखत वर गेली, पण टोपली कुणावर सोडायची. मग सुईकडं बघत, माझ्याकडं न पाहता तिनं बाकीचं सांगितलं.

तिचं पहिलं बाळंतपण. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. अक्का तेव्हा नवीन नर्स, नुकती दीड वर्षं झालेली. तिच्या ट्रेनिंगच्या दोन मैत्रिणी धुळ्याहून आल्या होत्या, म्हणून तिनं एका दिवसाची रीतसर रजा घेतली आणि तिघी लेणी पाहायला गेल्या. त्याच दिवशी दुपारी जनाबाईला कळा सुरू झाल्या. घरी सासू आणि गावची एक म्हातारी दाई. मूल आडवं होतं. मुलगी झाली, तासभर जगली.

"संध्याकाळी नर्सबाई आली," जनाबाई म्हणाली. "कोणीतरी मोटारीपाशीच सांगलं असंल, तशीच पळत आली. केसात अबोलीचा गजरा होता. मले मुलीचं तोंड नाही आठवत. तो गजरा आठवते."

दोन वर्षं जनाबाई तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा अक्का आपण होऊन आली, नववा महिना लागल्यापासून रोज रात्री त्यांच्या पडवीत सतरंजी टाकून झोपली. धनराज झाला. मग हळूहळू बोलणं सुरू झालं, शेजार सुरू झाला, पापड-कुरडयांची देवाणघेवाण सुरू झाली. त्या दिवसाबद्दल मात्र दोघींपैकी कुणीही कधी तोंड उघडलं नाही. आणि अक्कानं निवृत्त होईपर्यंत पुन्हा एकाही दिवसाची रजा घेतली नाही. सणाला नाही, आई गेली तेव्हा सुद्धा जाऊन त्याच रात्री परत आली.

म्हणजे हे सगळे रविवार त्या न घेतलेल्या रजांचे होते.

मी घरी येऊन अक्काला सरळ विचारलं. ती पेरूच्या झाडाखाली तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. जनानं सांगितलं तर, एवढंच म्हणाली. मी विचारलं, तेव्हा लेण्यांत काय पाहिलं होतंस. तिनं तांदळातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "काहीच आठवत नाही. तीन तास हिंडले मी. बठ्ठं पुसाई गयं."

त्यानंतर दोनच महिन्यांनी गावात डोळ्यांची तपासणी झाली. जनाबाईला घेऊन मीच गेले. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं एक डोळा जवळजवळ गेलाय, दुसराही उतरतोय. औषधानं लांबवता येईल, थांबवता येईल असं नाही. मी हे अक्काला सांगितलं. ती उठली, पायात बूट घातले आणि जनाबाईच्या घरी गेली. मी मागोमाग.

जनाबाई बाजेवर बसली होती. अक्का समोर उभी राहून म्हणाली, "जना, लेणी पाहायला जायचं."

जनाबाई म्हणाली, म्हातारपणी काय पाहू, आणि गुडघ्यांचं काय. अक्का म्हणाली, गुडघ्यांचं माझ्याकडं लागलं. धनराज आतून बाहेर आला. तो केळीचा टेम्पो चालवायचा, तापट पण आईवर जीव. त्यानं स्पष्ट नाही म्हटलं. पायऱ्या आहेत, पडली तर कोण उचलणार. अक्का म्हणाली, "तुला ज्या हातांनी उचललं त्याच हातांनी." तो चिडून बाहेर निघून गेला.

मग सुरू झाला अक्काचा हट्ट. असा हट्ट मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता ती जनाबाईच्या बाजेशेजारी जाऊन बसायची आणि एकदाच विचारायची, कधी जायचं. जनाबाई नाही म्हणायची. मग अक्का तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची, तिला अंगणात चालवायची, आज दहा फेऱ्या, उद्या बारा, मग मारुतीच्या ओट्याच्या पायऱ्या वर-खाली. वैतागून जनाबाईनं एकदा तिला घरातून जायला सांगितलं. अक्का गेली आणि दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा आली. असे सहा आठवडे. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, म्हातारीला चळ लागला. धनराज माझ्याकडं आला आणि म्हणाला, तुम्ही शिकलेल्या आहात, तिला समजावा. मी म्हणाले, मला भाड्यानं राहायचंय तिथं. तो नाइलाजानं हसला.

सातव्या आठवड्यात जनाबाई म्हणाली, "येते. पण तू खाली बसशीन तं मी येत नाही. तुले आत यावं लागीन, माह्यासंगं."

अक्काचा हात तिच्या गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला. इतके दिवस जिनं विचारलं, तिच्यावरच आता उत्तर द्यायची पाळी आली होती. जनाबाईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. नुसती वाट पाहिली. शेवटी अक्कानं मान डोलावली.

आम्ही मंगळवारी निघालो, गर्दी नको म्हणून. मी रजा घेतली. धनराजनं टेम्पो धुऊन आत गादी घातली होती. वरची बस जिथं सोडते तिथून पायऱ्या चढायच्या होत्या. डोलीवाले पुढं आले. खुर्ची, दोन बांबू, चौघेजण. धनराजनं त्यांना ठरवलंसुद्धा. जनाबाईनं त्या खुर्चीकडं पाहिलं, चौघांकडं पाहिलं आणि म्हणाली, "जित्तेपणी चौघांच्या खांद्यावर नाही बसत मी." आणि वळून पायरीचा कठडा धरला.

पायऱ्या उंच आहेत. धडधाकट माणूस पाच-दहा मिनिटांत चढतो. आम्हाला पाऊण तासाहून जास्त लागला. काही पायऱ्या जनाबाई उभ्यानं चढली, काही बसून, हातांवर रेटा देत, मागं मागं. अक्का एक पायरी खाली, तिच्या कमरेला हात देऊन. आणि नकळत तिच्या तोंडून तिचे जुने शब्द यायला लागले. "दम घे. घाई नको. हं, आता लाव जोर. शाब्बास. सोड. पुन्हा दम घे."

मध्येच जनाबाई थांबली आणि म्हणाली, "बाळंत होऊ राह्यली का मी?"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मी आणि धनराज दोन पायऱ्या वर होतो, आम्हीही जागच्या जागी थबकलो. आणि मग जनाबाईच हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अक्का तिच्याकडं पाहत राहिली. नंतर तीही पायरीवर बसली आणि दोघी कठड्याला टेकून इतक्या हसल्या की वरून उतरणारी माणसं त्यांना वळसा घालून जाताना वळून वळून पाहत होती.

पहिल्या लेण्याच्या बाहेर चपला काढल्या. आत अंधार. रखवालदार एका भिंतीवर मंद उजेड टाकत होता. जनाबाईला भिंतीवरचं दिसेना, नजर पोचेना. ती तशीच खाली बसली, मग आडवीच झाली, दगडी जमिनीवर, पदर डोक्याखाली घेऊन. रखवालदार पुढं सरसावला, पण अक्कानं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो थांबला आणि त्यानं उजेड छताकडं वळवला. छतावर चौकोनांत फुलं, पानं, फळं रंगवलेली होती. जनाबाई बराच वेळ पाहत राहिली. मग हात वर करून म्हणाली, ते सीताफळ आहे. रखवालदार समजुतीनं म्हणाला, मावशी, ते दुसरं काहीतरी असेल, डाळिंबबिळिंब, त्या काळी सीताफळ नव्हतं म्हणतात.

"पस्तीस वर्षं इकलं मी," जनाबाई म्हणाली. "मले नको शिकवू."

त्यानं उजेड पुन्हा तिकडं वळवला आणि स्वतःही मान वर करून पाहिलं. पुढं वाद घातला नाही.

अक्का मात्र दाराशीच उभी होती, खांबाला पाठ लावून, नजर जमिनीवर. आत आली होती, शब्द पाळला होता, पण पाहत नव्हती. जनाबाईनं तिला हाक मारली. ती आली, शेजारी बसली. जनाबाई म्हणाली, वर पाह्य, वर पाह्य. अक्कानं मान वर केली.

कितीतरी वेळ दोघी तशाच होत्या. एक झोपलेली, एक बसलेली. परदेशी माणसांचा एक घोळका आला आणि गेला. मग जनाबाईनं विचारलं, "त्या दिवशी तू हे पाहत होती?"

अक्का म्हणाली, "हो."

"हेच?"

"हेच असणार. हो."

जनाबाई पुन्हा छताकडं पाहू लागली. धनराज बाहेरच्या ओट्यावर होता, त्याला काही ऐकू गेलं नसेल. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मले वाटे, उगीच कुठी हिंडत होती तू, मजा मारत. असं पाहत होती तं ठीक आहे."

अक्का रडली नाही. तिनं जनाबाईचा हात घेतला आणि नाडी पाहावी तसा मनगटावर धरून ठेवला. मी बाहेर आले. मला तिथं थांबवेना.

त्या दिवशी त्यांनी दोनच लेणी पाहिली. खाली उतरताना धनराजनं आईला सरळ पाठीवर घेतलं, चौघांचे खांदे नकोत ना, मग एकाचे घे म्हणून. ती त्याला चापट्या मारत राहिली.

दुसऱ्या वर्षी माझी बदली धुळ्याला झाली. निघताना अक्कानं पुन्हा एकदा माझे पाय पाहिले आणि म्हणाली, सुधारलेत. धुळ्यात गेल्यावर मी पहिल्याच महिन्यात लळिंगच्या किल्ल्यावर एकटी जाऊन आले आणि तिला फोन केला. ती म्हणाली, पावसाळ्यात पुन्हा जा.

त्या दोघींचं जाणं सुरूच राहिलं. वर्षातून तीन-चारदा, एका खेपेला दोन लेणी, कधी एकच. धनराज नेतो आणि कुरकुरतो. दरम्यान जनाबाईचा दुसरा डोळाही उतरत गेला. आता तिला उजेड कळतो, माणसाची सावली कळते, बाकी नाही. मला वाटलं, आता हे थांबेल. या थंडीत अक्काचा फोन आला, मंगळवारी सतरावं लेणं आहे, येतेस का.

मी धुळ्याहून पहाटेच निघाले. दोघी आधीच आत बसल्या होत्या, एका मोठ्या चित्रासमोर, जमिनीवर, गुडघ्याला गुडघा लावून. जनाबाईनं डोळे मिटले होते. अक्का हलक्या आवाजात सांगत होती. दारातली बाई. पोराला पुढं करून उभी. अंगावर पातळ वस्त्र, दिसेल न दिसेल असं. मान जराशी कलती. कपाळावर मोत्यांची सर, त्यातला एक मोती रंग उडून गेलेला. पोराचे केस कसे, पोराची नजर कुठं. जिला पूर्वी तीन तासांतलं काहीच आठवत नव्हतं, ती आता एका भिंतीचं बोटभरही सोडत नव्हती. जनाबाई मधूनच काहीतरी विचारायची, पोराच्या पायात वाळे आहेत का, आणि अक्का पुढं वाकून नीट पाहून मगच उत्तर द्यायची. मी शेजारी बसले तसं जनाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ही नसलेलं बी सांगते मधी मधी. मी हो म्हणते."

संध्याकाळ होत आली. माणसं निघून गेली. रखवालदार आला, बंद व्हायची वेळ झाली म्हणाला, आणि उजेड विझवायला हात पुढं केला.

अक्कानं मागं न पाहता हात वर करून त्याला थांबवलं.

"थांबा भाऊ," ती म्हणाली, "हिचा डावा हात सांगायचा राहिलाय अजून."